कॅमेऱ्याला न दिसलेलं

साथ आल्यापासून त्वचेचे पेशंट घरूनच कॅमेऱ्यापुढे उभे राहत आणि डॉक्टर हेमांगी राजाध्यक्ष पडद्यावरून औषध सांगत. स्पर्शाला कायद्यानं बंदी होती. ती बंदी उठली त्या सकाळी दवाखान्यात पहिले आले विश्राम धुरी, सोरायसिसनं गांजलेले, एकटे राहणारे म्हातारे पेटीवादक.

हेमांगीनं पाठीवर हात ठेवताच त्यांना रडू फुटलं.

“दुखतंय का, काका?”

“नाही हो. बायको गेल्यापासून कुणाचा हातच लागला नव्हता. राहू द्या जरा.”

तिची बोटं काखेत पोचली आणि थबकली. कातडीखाली दगडासारख्या घट्ट गाठी होत्या, एकीला लागून दुसरी. कॅन्सर फार पसरलाय, हे तिला कळून चुकलं. कॅमेरा मात्र दर वेळी सुधारणाच दाखवत आला होता, आणि तिनंही ते मान्य केलं होतं.

“किती बरं वाटतंय,” काका म्हणाले.

तिनं हात तसाच ठेवला.