ध्रुवपद

स्टुडिओच्या काचेपलीकडे आई माइकसमोर उभी होती, पर्स दंडाला तशीच अडकवून. काढून ठेव म्हटलं तरी ऐकलं नाही.

काचेच्या अलीकडे लेक. गायची सोल, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गायकी, पण रेकॉर्ड कंपनीने पोस्टरवर ‘आदिवासी सोल’ छापून टाकलं होतं. आईच्या जमातीच्या जुन्या ठेक्यावर संगीतकाराने ड्रम चढवले होते; आता त्याला शब्द हवे होते, अस्सल. लेकीला त्या भाषेतलं ओ की ठो येत नव्हतं. आईने ती घरात कधी कानावर पडूच दिली नव्हती. फार मागे लागल्यावर म्हणाली, मला तरी कुठे येते, एकच ओळ आठवते, चालेल का.

तिने ओळ म्हटली. तीन शब्द, त्यातला मधला घशातच विरणारा. ठेक्यात ती अशी चपखल बसली की संगीतकार खुर्चीतून उठलाच. हेच ध्रुवपद, म्हणाला, लोक हॉल डोक्यावर घेतील. लेकीने ते तीन शब्द ओठांतल्या ओठांत घोकून घेतले. सासूपाशी ठेवलेल्या तान्ह्या पोरीला आज हेच म्हणून निजवायचं. आपलं असं काहीतरी तिला मिळेल.

मग तिने पलीकडे बोलायचं बटण दाबलं. “आई, अर्थ काय गं याचा?”

आईने हेडफोन सारखा केला. “तिथे आपलं बोलू नकोस.”

बसचा रस्ता सांगावा तसं तिने पुढचंही सांगितलं. वसतिगृहाच्या शाळेची गाडी दारात आली, तेव्हा तिची आई हे म्हणाली होती. तिथे आपल्या भाषेत तोंड उघडलं की मार बसायचा. सुट्टीत घरी आली तोवर बाकीचं सगळं पुसलं गेलं होतं.

लेकीचं बोट बटणावरच राहिलं. संगीतकार मात्र हरखला. अर्थ तर आणखीच भारी, मुलाखतीत सांगता येईल. आईंना म्हणावं, अजून मोठ्याने, जीव ओतून. एकावर एक आवाज चढवू, म्हणजे अख्खी गर्दी म्हणतेय असं वाटेल.

लेकीने निरोप पोचवला.

“किती वेळा म्हणू?” आईने विचारलं.

“नीट बसेपर्यंत, आई.”

“मला आईने एकदाच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “बसलं.”