एकटा उभा राहणारा शब्द

"अहो, एवढी बाही तेवढी आत घ्या ना! पाच मिनिटांचं तर काम." गिऱ्हाईक बाईंनी कोट सूनबाईच्या शिलाई मशीनवर टाकलासुद्धा.

दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात मुलांची इंग्रजीची शिकवणी चालली होती. शिकवणाऱ्या तिच्या सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. झालं! आता सूनबाई 'हो' म्हणणार. पाच वाजता तिची डिझाइनच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा होती. मागच्या वर्षीची अशाच कुणाच्या तरी अस्तरापायी हुकली होती. नाही म्हणायला या पोरीची जीभच वळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांनी मुद्दाम आवाज चढवला. "मुलांनो, आज 'नो' शिकू या. फार जुन्या इंग्रजीत 'ने' म्हणजे न, आणि 'आ' म्हणजे सदा. दोघांचं मिळून झालं 'ना', म्हणजे कधीच नाही. त्याचाच पुढे 'नो' झाला."

"म्हणजे आपल्या 'न'चा नातेवाईक?" पुढ्यातल्या चिमुरडीने विचारलं.

"लांबचा चुलतभाऊ! आणि गंमत बघा, 'नॉट'ला बहुधा सोबत लागते. 'नो' मात्र एकटा उभा राहतो. सूनबाई, खडू संपला गं! आणि येताना चहा आण."

तिने कापडावर खुणा करायचा चपटा खडू आणून दिला. चहाही दिला. मग पुढे जाऊन कोटाची नीट घडी घातली आणि बाईंच्या हातात ठेवली.

"आज नाही जमणार, ताई. उद्या या."

बाई नाक मुरडून गेल्या. सासऱ्यांची छाती फुगली. याला म्हणतात शिकवणं! सून पर्स खांद्याला लावून निघालीच होती.

"शाब्बास! बरं, निघता निघता तेवढं माझ्या सदऱ्याचं बटण लावून जा."

तिने घड्याळाकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे पाहून गोड हसली.

"नो."

आणि भराभर पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

चिमुरडी हळूच म्हणाली, "सर, खरंच एकटा उभा राहिला की हो!"

सर थोडा वेळ सुटलेल्या बटणाकडे बघत बसले. मग उठले. मशीनच्या खणातून सुई काढून त्यांनी ती उजेडाकडे धरली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"बरं मुलांनो," ते खाकरून म्हणाले, "हिच्यात दोरा कसा ओवतात, मला कोण शिकवतं?"