राखलेलं पोळं

थोरलीने काडेपेटीतली काडी मधमाश्यांच्या पोळ्यातल्या अळीच्या घरात घातली, जरा फिरवली आणि हळूच वर ओढली. काडीच्या टोकाला तपकिरी तार आली. चिकट, लांबच लांब, तुटता तुटेना. निरोगी अळीची अशी तार निघत नाही. तिने शेजारच्या घरात काडी घातली. तिथेही तेच. मग काडी तशीच हातात धरून ती पेटीसमोर मटकन खाली बसली.

हा रोग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. गेल्या साली त्यानेच तिच्या सगळ्या पेट्यांमधल्या अळ्या कुजवल्या होत्या. तपासनीस आला, एकेक पेटी उघडून बघितली आणि म्हणाला, "सगळं जाळा, बाई. पेट्या, चौकटी, पोळी. काही म्हणता काही ठेवू नका." तिने खड्डा खणला आणि जाळलं. नवऱ्यामागे याच पेट्यांवर तिने दिवस काढले होते. मूलबाळ नव्हतं. माश्या गेल्या आणि ती घरात असून नसल्यासारखी झाली. वेळेवर जेवण नाही, कुणाशी धड बोलणं नाही.

सगळं जाळलं, पण एक पोळं तिने गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. दिसायला ते स्वच्छ होतं. रिकाम्या पेटीकडे थवा वळवायचा तर जुनं पोळं हवंच. नुसत्या कोऱ्या लाकडाकडे माश्या सहसा फिरकत नाहीत. एवढ्याशा तुकड्याने काय होतंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

फुलोरा आला तशी तिने सुताराकडून नवी पेटी करून घेतली. आतून मेण चोळलं, दाराशी गवती चहाचं तेल लावलं, माळ्यावरचं ते जुनं पोळं मधोमध बसवलं आणि पेटी कुंपणालगतच्या ओट्यावर मांडली. दिवस दिवस ती समोर बसून राहायची. एखादी माशी यायची, दाराशी घुटमळायची, आत डोकावून निघून जायची. आणि एका सकाळी बघते तर पेटी नुसती गजबजलेली! थोरली तशीच अनवाणी ओढा ओलांडून धाकट्या जावेकडे धावली.

"अगं, आल्या! वास लागला गं त्यांना!"

धाकटीच्या स्वतःच्या पेट्या होत्या, चांगल्या भरलेल्या. ती हसली. म्हणाली, "चला, तुमच्या तोंडाला चव आली एकदाची."

आणि आता ही काडी.

थोरली उठली. कुदळ घेतली आणि ओट्यामागे खणायला लागली. दिवस कलला, बाहेर गेलेल्या माश्या परतायला लागल्या. कुदळीचा आवाज ऐकून धाकटी ओढ्यावरून आली आणि खड्डा बघून जागीच थबकली.

"ताई, हे काय?"

"मी एक पोळं ठेवून घेतलं होतं. रोगातलं. या पेटीत तेच आहे." थोरलीने वर पाहिलं नाही. "तुझ्या माश्या आठवडाभर इथला मध लुटून नेतायत. मी बघत होते, म्हटलं नेऊ देत, घरच्याच आहेत. त्या मधाबरोबर रोगही गेला असेल. तुझ्याही पेट्या उघडून बघ. उद्यावर टाकू नकोस."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. थोरलीला वाटलं, आता ही तोंड सोडेल. सोडायलाच हवं होतं. पण धाकटीने पेटीची दुसरी बाजू धरली आणि दोघींनी मिळून ती खड्ड्यात उतरवली. शेवटची माशी आत गेली तेव्हा थोरलीने दाराशी बोळा कोंबला आणि पेट्रोल ओतलं. आत एकच गलका उठला. मग तो हळूहळू बसत गेला. तिने काडी पेटवून खड्ड्यात टाकली.

"मी बोलावलं म्हणून आल्या गं," ती म्हणाली. "वासाला भुलल्या बिचाऱ्या."

जाळ वर आला. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली.

"वासाने नाही आल्या, ताई. माझ्याकडचा थवा फांदीला लागला होता. पोत्यात धरून मीच आणला आणि अंधारात तुमच्या पेटीत ओतला. तुम्ही त्या रिकाम्या पेटीशी बोलत बसायचात. मला ऐकवत नव्हतं."