डाव्या हाताचा ठेका

अंतराळवीरांचे चंदेरी पोशाख घालून ग्रहताऱ्यांच्या लांबलचक कहाण्या गाणारा एक जुना रॉक बँड तीस वर्षांनी पुन्हा एकत्र आला होता. स्टुडिओत नव्या अल्बमचं पहिलंच गाणं वाजवताना ड्रमरचा डावा हात मागे पडू लागला. अर्धांगवायूच्या झटक्यातून तो नुकताच सावरला होता.

तरुण निर्माता काचेपलीकडून बाहेर आला. "काका, वाईट वाटून घेऊ नका. ड्रम मशीनवर करू. कव्हरवर फोटो तुमचाच राहील."

ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या. "बरोबर बोलतोय तो. माझ्यापायी तुमचं घोडं अडायला नको."

गायिकेला सगळे कॅप्टन म्हणत. तिने पिशवीतून जुना चंदेरी पोशाख काढला आणि अंगातल्या कपड्यांवरच चढवला. पोटावर चेन लागेना, तर तशीच उघडी ठेवून ती माइकसमोर उभी राहिली.

"उचल काठ्या. तू ताल धर, आम्ही मागून येतो."

"कॅप्टन, हात फार हळू चालतो गं आता."

"मग आम्हीही हळू वाजवू."

गिटार, कीबोर्ड आणि तिचा चिरकलेला आवाज त्या हातासाठी थांबत, सावरत वाजत राहिले. एकदाही कुणी त्याच्या पुढे गेलं नाही.

गाणं संपलं तेव्हा निर्मात्याने कपाळाला हात लावला. "अहो, चार मिनिटांनी लांबलं की! एवढा वेळ कोण ऐकत बसणार?"

उत्तर ड्रमरनेच दिलं. "जे तीस वर्षं थांबले, ते चार मिनिटांसाठी उठून जातील होय? चला, पुढचं घ्या."