नेवेनाचं व्हॅलेन्सिया

‘शनिवारी लोवेचला पोहोचते. रविवारी दार उघडं असेल.’

खाली फोटोत एक बांधलेली निळी बॅग. झिवकाने ते तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. हातातल्या पॅन्टची शिवण उसवायची राहिली ती राहिलीच.

शाळेपासूनची मैत्रीण नेवेना गावी परत येत होती. अकरा वर्षांनी.

शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की झिवका फोनवर ते एक पान उघडून बसायची. ते लावून दिलं होतं तळमजल्यावरच्या गिंकाने. “चार ठिकाणी कशाला हिंडतेस गं? मैत्रिणी जिथे जे काही टाकतात, ते सगळं इथे एकाखाली एक येतं. आणि कोणाचं पाहिलंस, ते कोणाला कळत नाही.” यातलं शेवटचं वाक्य झिवकाला फार आवडलं होतं.

पानावर कामेलियाची नातवंडं असायची, लिलीच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या, गिंकाचे उपदेश तर रोजचेच. ते सगळं भराभर वर सरकवून झिवका नेवेनापाशी थांबायची.

नेवेनाचे फोटो विचित्रच. स्वतःचा चेहरा कधी नाही. एकदा मासळीबाजार, त्याखाली ‘दुसऱ्या ओळीत घ्यायचे. पहिल्या ओळीतला काटा मारतो.’ एकदा बसचा थांबा, त्याखाली ‘समुद्राकडे जायची बस इथून. सुटे पैसे जवळ ठेवायचे.’ जणू कोणी उद्या व्हॅलेन्सियात राहायलाच येणार होतं. आणि या फोटोंना कोणाचा अंगठा नाही की बदाम नाही. कामेलियाचा नातू शिंकला तरी चाळीस बदाम पडायचे. परक्या देशात इतकी वर्षं राबली, पण ‘छान’ म्हणणारं एक माणूस जोडता आलं नाही बिचारीला, असं झिवकाला वाटायचं. मग तिची तिलाच लाज वाटायची. तिने तरी कुठे कधी अंगठा दाबला होता?

दाबणार कुठल्या तोंडाने? खरं तर जायचं दोघींनी मिळून होतं. तिकिटं दोन काढली होती, म्हाताऱ्यांची देखभाल करण्याचं कामही दोघींना मिळालं होतं. त्या सकाळी नेवेना बसमध्ये शेजारची जागा धरून बसली, आणि झिवका घरी पलंगावर, फोन बंद करून. भांडण नव्हतंच. ती घाबरली, एवढंच. पण ‘मी घाबरले’ हे दोन शब्द तिला अकरा वर्षांत लिहिता आले नव्हते.

रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा, फुलांचा रविवार. फुलांवरून नाव असलेल्या सगळ्यांचा नामदिन, म्हणजे नावाचा सण; नेवेना हेही एका फुलाचंच नाव. त्या दिवशी आमंत्रण कोणी देत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवायची रीत नाही. झिवकाने मनाशी ठरवलं. घर माणसांनी भरलेलं असेल. फुलं द्यायची, कोपऱ्यात बसायचं, आणि जमलंच तर निघताना ते दोन शब्द बोलायचे. नाही जमलं तर गर्दीत कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

शनिवारी जिन्यात गिंका भेटली.

“उद्या कुठे कुठे जाणार?” झिवकाने उगाच विचारलं.

“आधी कामेलियाकडे, मग लिलीकडे. दोन्ही घरी मासे. पोटाचं काही खरं नाही बाई.”

“आणखी कुठे?”

“आणखी? मी काय गाय आहे का, चार पोटांची?”

नेवेनाचं नावही नाही. गिंकाने झिवकासमोर नेवेनाच्या फोटोंचा विषय कधीच काढला नव्हता. आपलं दुखणं हिला ठाऊक आहे म्हणून टाळते, असं झिवका समजून होती. गिंकाची जीभ सैल, पण मन चांगलं.

रविवारी फुलवालीने ट्यूलिपची सहा फुलं बांधून पुढे केली.

“सहा? सम संख्येत फुलं मेलेल्यांना देतात. थडग्यावर ठेवायचीत का मला?” झिवका डाफरली.

“मग तोंड तसं करून कशाला आलीस?” म्हणत फुलवालीने सातवं खोचलं.

नदीवरच्या पुलावरून झिवकाचे पाय दोनदा मागे वळले. तिसऱ्यांदा मात्र तिने त्यांचं ऐकलं नाही. एकदा बस चुकवली, तेवढं पुरे होतं.

नेवेनाच्या घराचं दार सताड उघडं होतं. भाजलेल्या माशाचा वास येत होता, पण आत गलका नव्हता. खुंटीवर एकच कोट. टेबलावर दोन ताटल्या, दोन पेले, आणि खिडकीशी नेवेना. केस पांढरे झाले होते.

जिच्या भरवशावर झिवका आली होती, ती गर्दीच नव्हती. तिला पळून जावंसं वाटलं. पण त्याच क्षणी तिला मैत्रिणींचा असा राग आला की भीती मागेच राहिली. अकरा वर्षांनी बाई घरी येते, आणि एकीलाही चार पावलं चालवत नाहीत!

“मी घाबरले,” ती दारातूनच म्हणाली. “त्या सकाळी. दुसरं काही नव्हतं गं. मला माफ कर.”

नेवेनाने पुढे येऊन झिवकाचे दोन्ही हात फुलांसकट धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

“बस,” ती शेवटी म्हणाली. “मासा निवतोय.”

“बसते. पण बाकीच्या कुठे आहेत? गिंका, शाळेतल्या सगळ्या? तू चांगलं लिहिलं होतंस, दार उघडं असेल म्हणून. एकीने फिरकू नये? उद्या बघतेच एकेकीला!”

नेवेना डोळे पुसता पुसता हसायला लागली.

“त्यांना कशाला बोल लावतेस? त्यांना कुठून कळणार? पहिल्या दिवसापासून मी जे जे टाकलं, ते एकट्या तुलाच दिसेल असं ठेवलं होतं.”