शेवटच्या पायरीपर्यंत

डोंगराच्या कुशीतल्या त्या बिनछपराच्या संगीत सभागृहात गाईड ऐटीत म्हणाला, "इथे माईक लागत नाही. मंचावर कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू येतं."

डोंबिवलीच्या मंदाकाकूंना मोह आवरेना. रिटायर झाल्यापासून कानांनी अधू झालेल्या बाळकाकांना त्यांनी डब्यासकट शेवटच्या पायरीवर बसवलं आणि मंचावर जाऊन त्या पुटपुटल्या, "अहो, कोथिंबीरवड्या खाऊन घ्या."

काकांनी झटकन डबा उघडला. गाईडची छाती फुगली.

मग काकू चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आणि उद्यापासून गिरणीतून दळण तुम्ही आणायचं!"

"काय गं? काही ऐकू येत नाही!" वरून काका ओरडले.

काकू गालात हसल्या. गाईड बिचारा आवाज कुठे अडला ते बघायला पायऱ्या चढू लागला.