सासूबाईंचा सोनटक्का

फोनवर सासूबाई म्हणाल्या, "ओट्यावरच्या टोपलीत सोनटक्क्याचा कंद धुऊन ठेवलाय, तेवढा कुंडीत लाव," आणि किसणी धुणारा सूनबाईचा हात जागच्या जागी थांबला.

टोपलीत आता फक्त कांदे होते. नवरा कप रिकामा करत म्हणाला, की आजच्या चहाला काही वेगळाच घमघमाट आहे.

ती औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांनी काढलेले कोंबडीचे पायसुद्धा ती बिनचूक वाचायची. पण कंदावर कुणी चिठ्ठी लावलेली नव्हती, आणि सोनटक्का न् आलं पडले एकाच घरातले. मातीखाली दोघांचा तोंडवळा सारखाच.

लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. सासूबाई जुळ्या नातवंडांसाठी लेकीकडे मुक्कामाला गेल्या होत्या. हा सोनटक्का त्यांना त्यांच्या सासूबाईंनी दिलेला. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. तो त्यांनी आपण होऊन सुनेवर सोपवला, आणि सुनेने त्या विश्वासाचा पहिल्याच सकाळी चहा केला.

नवऱ्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती एकटीच रोपवाटिकेत गेली, कोंब फुटलेला कंद घेतला आणि फूल पांढरंच येईल ना, असं दोनदा विचारलं. माळी म्हणाला, सोनटक्का तो सोनटक्का, ताई, निर्धास्त न्या.

पुढचे चार महिने ती कामाला निघण्याआधी कुंडीपाशी जायची. पाणी घालायची, पानं पुसायची. रोप तिच्या खांद्याला लागलं. फोनवर ती त्याची खबर द्यायची, तेव्हा सासूबाई नुसतं "हं" म्हणायच्या आणि ती घाईघाईने विषय बदलायची. खोटं तिला पचत नव्हतं.

सासूबाई परतायच्या त्याच सकाळी कळी उमलली. फूल पिवळंधमक होतं.

सासूबाई बॅग दारात ठेवून थेट गॅलरीत गेल्या. मागोमाग नवरा कप घेऊन आला आणि म्हणाला, "आई, आपला पांढरा होता ना?"

सूनबाईने पदर मुठीत घट्ट धरला. आता लपवून उपयोग नव्हता, आणि तिला लपवायचंही नव्हतं.

"आई, तुमचा कंद मी आलं समजून चहात किसला. हा विकतचा आहे."

नवऱ्याने कप खाली ठेवला आणि पोट चाचपून पाहिलं.

सासूबाई वाकल्या. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ फूल हुंगलं. मग लेकाला बॅग आत न्यायला पिटाळलं आणि सुनेचा हात हातात घेतला.

"माझ्या सासूबाईंचा पिवळाच होता गं," त्या हळूच म्हणाल्या. "पांढरा माझ्या चहानंतरचा."